मदत हवी आहे : सेंट किल्डाची गेलिक ध्वनिमुद्रणं

नमस्कार मंडळी,

स्कॉटलंडच्या पश्चिमेची सेंट किल्डा बेटं २९ ऑगस्ट १९३० ला रिकामी झाली. उरलेल्या ३६ जणांनी स्वतःच सरकारकडे तसा अर्ज केला होता. समुद्रपक्षी मारून ते 'क्लेट' नावाच्या दगडी कोठारांत साठवत. भिंतींच्या फटींतून वारा खेळता, वर मातीगवताचं छप्पर. क्लेट 'नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड' ही वारसा जपणारी संस्था सांभाळते, मला मात्र तिथल्या बोलण्यात जास्त रस आहे.

'तोबर अन दुअल्खिश' या ऑनलाइन संग्रहात गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतली ध्वनिमुद्रणं आहेत, पण गेलिकचा मला ओ की ठो कळत नाही! कुणी ती ऐकून सारांश सांगेल का? मराठी पॉडकास्टमध्ये तुकडा वापरायची परवानगी कशी मिळवतात? त्याच भागातल्या हॅरिस बेटावरच्या स्थानिक इतिहास मंडळाशी कुणाची ओळख असल्यास कृपया कळवा.