अकरा महिन्यांच्या करारात सागवान कशाला?

अकरा_महिने
सात वर्षांत पाच घरं झाली. हिंजवडी, वाकड, मधे दीड वर्ष ठाणे, परत वाकड, आता बाणेर. सगळीकडे अकरा महिन्यांचा करार, आणि मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की टेम्पो. घरातलं सगळं फर्निचर खोक्यातून आलेलं, सुटे भाग आपणच जोडायचे असं: स्टोरेजवाला पलंग १७,०००, तीन दारांचं कपाट १५,०००, टेबल, टीव्हीखालचं युनिट, पुस्तकांची मांडणी. एकूण ५० हजारांच्या आत. एक शनिवार-रविवार, एक एलन की आणि बायकोशी दोन भांडणं, एवढ्यात उभं राहिलं.

आता सांगलीचं घर विकायला काढलंय. काकांचा फोन आला, "आजोबांचा शिसवी पलंग तू ने. असला आता मिळायचा नाही." मिळायचा नाही हे खरं, पण न्यायचा कसा? डोक्याकडे कोरीव कमान, मांडीएवढे पाय, चार माणसांना जागचा हलत नाही. आमच्या लिफ्टमध्ये गादीसुद्धा वाकवून घालावी लागते आणि मी सहाव्या मजल्यावर. तिथला एक जुनं सामान घेणारा ४,००० रुपये देतोय. मी हो म्हणालो तर आत्या माझ्याशी बोलणार नाही, असा निरोप आलाय.

नवा करून घ्यावा तर मिस्त्रीनं हिशोब दिला: साग १० घनफूट, घनफुटाला साडेचार हजार, म्हणजे ४५,००० नुसत्या लाकडाचे. मजुरी, पॉलिश धरून ७० च्या पुढे. माझा १७ हजारांचा पलंग मोडला आणि दुसरा घेतला, तोही मोडला आणि तिसरा घेतला, तरी मी पुढेच.

घरच जिथं टिकत नाही तिथं टिकाऊ पलंग म्हणजे दर वेळी हमालीचे जास्तीचे पैसे. वेगळं मत असेल तर जरूर मांडा, फक्त "जुनं ते सोनं" नको.

गुहागरची_सून
तुमचा हिशोब बाणेरच्या हवेचा आहे. दिरांनी हौसेनं तसलंच कपाट मागवलं. पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्यात पायाकडची फळी आंबोळीसारखी फुगली, कडेची पट्टी सुटून लोंबायला लागली, आणि गणपतीत दार ओढलं तर बिजागरी हातात आली, सोबत मूठभर भुसा. स्क्रू परत बसवायचा तर कशात? त्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबून झाल्या, फेव्हिकॉल ओतून झालं. दार आता दोरीनं बांधलेलं आहे.

त्याच खोलीत आजेसासूबाईंची फणसाच्या लाकडाची पेटी आहे. तिच्यावर कौलातून गळतं. ती भिजते, वाळते, आषाढात झाकण जरा अडकतं, दिवाळीला परत नीट उघडतं.

अकरा_महिने
कोकणात मीही घेणार नाही, मान्य. पण आयटीतले किती लोक गुहागरला भाड्यानं राहतात?

गुहागरची_सून
मुंबई-ठाण्यात राहतात ना? तिथं काय राजस्थानची हवा आहे?

खोली_नंबर_१४
मी धागाकर्त्याच्या बाजूनं. पण वेगळ्या कारणासाठी.

हे "आपल्याकडे पूर्वी कसं भक्कम फर्निचर असायचं" कुणाच्या घरचं वर्णन आहे? आमच्या गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होती आणि फर्निचर म्हणावं असं एक टेबल. बाकी भिंतीतलं फडताळ, खुंट्या, पत्र्याच्या ट्रंका, जेवायला पाट. रात्री गाद्या अंथरायच्या, सकाळी वळकट्या करून कोपऱ्यात. आजोबांना खोकला म्हणून त्यांच्यापुरती घडीची लोखंडी खाट. आयुष्यात एकच मोठी वस्तू घ्यायची ती गोदरेजचं कपाट, आणि तेही लोखंडाचं. कंपनी १९२३ पासून ती कपाटं बनवते. लाकूड आमच्यात फक्त देव्हाऱ्याला.

म्हणजे शिसवी पलंग ही वाड्याची आणि सावकाराची परंपरा. बाकीच्यांची परंपरा घडी घालून ठेवण्याची आहे. खोक्यातलं फर्निचर त्याच रांगेत बसतं, त्यात लाज कसली? २०२० च्या डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया, म्हणजे खोक्यातलं फर्निचर विकणाऱ्या स्वीडिश कंपनीचं दुकान, उघडलं तेव्हा माझी आई बघायला आली होती. सगळं फिरून म्हणाली, "एवढं सगळं ठेवायचं तरी कुठं?"

सदाशिव_तीन
४,००० रुपयांना शिसवी पलंग! काका, तो माणूस तुमच्या अंगणातून बाहेर पडला की आकड्यापुढे शून्य चढतं. ओशिवऱ्याला कुठल्याही जुन्या फर्निचरच्या दुकानात नुसता भाव विचारून या. तुम्ही हिशोबी म्हणवता ना?

राइनकाठचा
जर्मनीतून लिहितोय. इथं भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघराच्या जागी नुसत्या चार भिंती आणि नळाची तोटी असते. ओटा, कपाटं, सिंक सगळं आपलं, आणि जाताना सोडवून न्यायचं. त्यामुळे खोक्यातलं फर्निचर सोडवून परत जोडण्याचा अनुभव माझ्याइतका इथं कुणाला नसेल. पहिल्यांदा जोडलं की छान. दुसऱ्यांदा थोडं डुगडुगतं. तिसऱ्या घरात ते भिंतीला टेकून उभं राहतं, स्वतःच्या पायावर नाही.

पण टिकाऊवाल्यांनी एवढ्यात खूश होऊ नये. इथं आजी-आजोबा गेले की त्यांची ओकची भलीमोठी कपाटं "फुकट आहे, फक्त स्वतः सोडवून न्या" अशा जाहिरातीत येतात. तरी आठवडेच्या आठवडे कुणी फिरकत नाही. शंभर वर्षं टिकेल अशी वस्तू बनवणं सोपं. ती शंभर वर्षं कुणाला तरी हवी असणं अवघड.

रंधा_पटाशी
वडील सुतार, आजोबा सुतार, मी नोकरी करतो. त्यामुळे दोन्हीकडचं बोलतो.

आधी भुशाबद्दल. "खोक्यातलं" म्हणजे सगळं एक नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा, कधी उसाचं चिपाडसुद्धा, गोंदात दाबून केलेली फळी. एमडीएफ म्हणजे त्याहून बारीक तंतू. ते गुळगुळीत दिसतं, रंग छान बसतो, पण पाण्याशी त्याचंही वैरच. प्लाय म्हणजे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले, म्हणून तो स्क्रू धरतो. प्लायमध्येही, दुकानदार "कमर्शियल" म्हणतो तो एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट), आयएस ३०३ या भारतीय मानकाचा. त्याला दमटपणा चालतो, पाणी नाही. ओट्याखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून आयएस ७१० लागतो. शिक्का फळीवर असतो, तो मिस्त्रीनं नाही, तुम्ही बघायचा, आणि सनमायका चढायच्या आधी बघायचा. गुहागरच्या ताईंचं कपाट गेलं ते जोडायचं होतं म्हणून नाही, फळी चुकीची होती म्हणून.

आता सागवान. साग म्हणून आज जे विकतात त्यात अर्धी लबाडी आहे. वाळवी टाळतो तो सागाचा गाभा, कारण त्यात तेल असतं. बाहेरचं पांढरं लाकूड वाळवीला आणि भुंग्याला बिस्किटासारखं. शेतातला पंधरा-वीस वर्षांचा साग तोडला की पांढरंच जास्त निघतं. त्याला गडद पॉलिश मारलं की तुम्हाला काय कळणार? बल्लारशा-आलापल्लीकडचा जुना साग, ज्याला बाजारात अजून सीपी (जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रांत) म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी आणि दरही वेगळा. ७०,००० देऊन पांढऱ्याचा पलंग घेतला तर तो १७,००० वाल्यापेक्षा महागात फसलात. धागाकर्त्यानं तो नाही घेतला ते बरंच केलं.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा. वडील असते तर बिजागरीची जागा चार बोटं वर सरकवून दार बसवून दिलं असतं. आज पुण्यात मिस्त्रीचा रोज दीड हजार, आणि एका दारासाठी कुणी येत नाही. त्यांचंही बरोबर आहे, अख्ख्या फ्लॅटचं काम सोडून बिजागरीला कोण येईल? टिकाऊ वस्तूला टिकवणारा माणूस लागतो. तो आम्हीच घरातून घालवला. मीसुद्धा.

गुहागरची_सून
आणि मोडल्यावर काय? लाकडाचं मोडलं तर त्याचा पाट होतो, फळी होते, अगदीच नाही तर बंबात जातं. हा गोंदाळलेला भुसा जाळायचा नसतो, भंगारवाला हात लावत नाही, घंटागाडीवाला तर नावच काढत नाही. आमची ती फुगलेली फळी अजून पडवीत उभी आहे.

अकरा_महिने
मी मोडायच्या आधी विकतो. ठाण्याहून निघताना जुनं कपाट पुढच्या भाडेकरूला ५,००० ला दिलं. तो खूश, मी खूश.

गुहागरची_सून
म्हणजे पडवी त्याची.

खोली_नंबर_१४
😂

तळमजला
कुणालाच कसं आठवलं नाही? येरवडा कारागृहाचं विक्री केंद्र. कैद्यांनी केलेलं लाकडी फर्निचर मिळतं. आमची जेवणाच्या टेबलाची खुर्ची तिथली आहे, २००९ ची, अजून कुरकुरलीसुद्धा नाही. डिझाइनच्या नावानं बोंब, सरकारी कचेरीत बसल्यासारखं वाटतं, पण ज्याला वेळच वेळ आहे त्याच्या हातचं काम आहे.

सदाशिव_तीन
तळमजला, शेवटचं वाक्य जरा क्रूर आहे. खरं असलं तरी.

अकरा_महिने
रंधा_पटाशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पांढऱ्या लाकडाचं माहीत नव्हतं. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहतो. पलंग अस्सल शिसवीचा असेल, आजोबांचा असेल, दहापट किमतीचा असेल, तो लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्यातून नेला तर प्रत्येक वळणावर कमान आपटणार. दोर लावून गॅलरीतून चढवायला सोसायटी परवानगी देत नाही, विचारून झालं.

रंधा_पटाशी
एक सांगा. तुमच्या आजोबांनी तो पलंग सांगलीच्या घरात कुठून नेला? दार केवढं आहे?

अकरा_महिने
दार? जुनंच, अरुंद. अडीच फूट असेल. वाकून आत जावं लागतं.

रंधा_पटाशी
आणि पलंग पाच फूट रुंद. मग तो आत गेला कसा? त्याच्याभोवती घर बांधलं नसेल ना.

सुटं करून न्यायचं ही युक्ती स्वीडनची नाही. आयकियाच्या गिलिस लुंडग्रेननं टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, ही गोष्ट १९५६ ची सांगतात. आमचे आजोबा त्याच्या आधीपासून पलंग बैलगाडीत घालून पाठवत होते, आणि बैलगाडीत अख्खा पलंग जात नाही. खाचेत कुसू, म्हणजे पट्टीचं खाचेत बसणारं टोक, आणि आतून लांब बोल्ट. फरक एवढाच की तो बोल्ट शिसवात जातो, भुशात नाही. वीस वेळा सोडवा, वीस वेळा जोडा.

पायांच्या बाहेरच्या बाजूला, आडवी पट्टी येऊन मिळते त्या उंचीवर, पितळेची टिकली आहे का बघा. शोभेची वाटते. ती एका बाजूला फिरते.

अकरा_महिने
काकांना व्हिडिओ कॉल लावला. टिकल्या आहेत! लहानपणी मी त्या फिरवत बसायचो, आजोबा ओरडायचे. आत बोल्टचं डोकं दिसतंय. एका पायाला दोन, एकूण आठ. काकांनी पाना लावला. पाच फिरले. तीन गंजून बसलेत, ढिम्म हलत नाहीत. काका म्हणतात हातोडा घालू का?

रंधा_पटाशी
हातोडा अजिबात नाही! कड फुटेल. रॉकेल नसेल तर गाडीच्या गॅरेजमधून गंज सोडवायचा स्प्रे आणा, थेंब थेंब आत सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आधी अर्धा आटा घट्ट करायच्या दिशेला फिरवा, मग उलट. कुठला भाग कुठला ते खडूनं आतल्या बाजूला लिहून ठेवा, आमचे लोक पटाशीनं रोमन आकडे घालायचे, कदाचित आधीच असतील.

आणि त्या ४,००० वाल्याला फोन करून टाका.

अकरा_महिने
आकडे आहेत. एक ते चार, प्रत्येक सांध्याला दोन्हीकडे.

लिफ्टचं दार ८० सेंटीमीटर. कमानीचा तुकडा काकांनी मोजला, १५० बाय ७०. तिरपा घातला तर जाईल असं वाटतंय. नाहीच गेला तर कमान तेवढी जिन्यातून. बायको विचारतेय, मग स्टोरेजमधल्या पांघरुणांचं काय करायचं?

खोली_नंबर_१४
ट्रंक घ्या. पत्र्याची. पलंगाखाली बसते.