मदत हवी आहे: राजापूरच्या वाडीवर व्हीसॅट (छोट्या डिशवरचं उपग्रह इंटरनेट) घ्यावं का?

घर राजापूर तालुक्यात, डोंगरउतारावर. फायबर वाडीपर्यंत आलेलं नाही. दोन कंपन्यांची सिमं, छपरावरच्या अँटेनासकट फोरजी राउटर, सगळं करून पाहिलं. पाऊस लागला की रेंज जाते.

आता भूस्थिर उपग्रहावरचा व्हीसॅट प्लॅन बघतोय. उपग्रह ३६,००० किमीवर, त्यामुळे पिंग (सिग्नल जाऊन परत यायचा वेळ) ६०० मिलिसेकंदांच्या आसपास राहणार हे धरूनच चाललोय. काम म्हणजे ऑफिसचं व्हीपीएन आणि व्हिडिओ कॉल, सिनेमे नकोत. दक्षिणेचं आकाश मोकळं आहे, फणस पश्चिमेला. कौलांवर डिश नको, अंगणात चिऱ्याचा चौथरा बांधेन. इन्व्हर्टर आहे.

कोकणात कोणी घरी वापरतंय का? आषाढातल्या झडीत केयू बँडचा (या डिश वापरतात तो फ्रिक्वेन्सी पट्टा) सिग्नल किती वेळ जातो, आणि एफयूपी (पूर्ण स्पीडच्या डेटाची मर्यादा) संपल्यावरच्या स्पीडला व्हिडिओ कॉल टिकतो का?