अरेकाची टोकं करपतायत, मनी प्लांट पिवळा पडतोय : सल्ला हवा (बजेट ३०० रु.)

खिडकीवाली :
बाणेर, पुणे. पूर्वेच्या खिडकीपाशी चार फुटी अरेका पाम (१० इंची कुंडी), स्पायडर प्लांट आणि मनी प्लांट. अरेका आणि स्पायडरच्या पानांची टोकं तपकिरी होऊन आतपर्यंत वाळत चाललीत. मनी प्लांटची खालची पानं मात्र अख्खी पिवळी होऊन गळतात. रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एक तांब्या पाणी. खत अजून काहीच दिलेलं नाही. काय आणू? ३०० रुपयांच्या आतलं सुचवा प्लीज. फोटो चढत नाहीयेत.

डोंबिवलीचा_माळी :
ह्युमिडिफायर घ्या. अरेकाला दमट हवा लागते. चार लिटरचा अडीच-तीन हजारांत येतो. त्याहून स्वस्तातला घेऊ नका, नोझल चोंदतं.

मुळाक्षर :
बजेट ३०० आहे हो. आणि जुलै चालू आहे, पुण्यात सध्या कपडे वाळत नाहीयेत. कोरड्या हवेचा प्रश्न मार्च-एप्रिलचा.

तुळशीवृंदा :
नीम तेल! एक लिटर कोमट पाण्यात आधी २ मिली लिक्विड सोप, मग ५ मिली तेल, नीट ढवळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं. दर सात दिवसांनी, तीन वेळा. कुठल्याही पानाला काहीही झालं तरी आधी हेच.

मुळाक्षर :
प्रमाण बरोबर आहे, पण कीड असेल तरच. पांढरा कागद पानाखाली धरून पान झटका. बारीक ठिपके पडून चालायला लागले तर लाल कोळी. त्याने पानावर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि देठापाशी जाळी दिसते, नुसती टोकं करपत नाहीत. कोळी निघालाच तर इमिडाक्लोप्रिड (कीटकनाशक) आणू नका, कोळ्यावर त्याचा उपयोग नाही.

खिडकीवाली :
कागदावर फक्त धूळ पडली.

हिरवा_कंदील :
नीम तेलाला +१. शिवाय एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), लिटरला एक चमचा. पिवळी पानं म्हणजे मॅग्नेशियम कमी, डोळे झाकून द्या.

पानसुपारी :
डोळे उघडून द्या. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. तेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसलं तर लोह कमी. इथे खालची पानं सरसकट पिवळी आहेत आणि पाणी रोजचं आहे. मनी प्लांटची मुळं गुदमरतायत, एवढंच.

तुळशीवृंदा :
अंड्याची टरफलंही घाला, फुकट असतात.

मुळाक्षर :
त्यातलं कॅल्शियम महिनोन्महिने सुटत नाही, आणि बोअरच्या पाण्यात ते आधीच भरपूर असतं. खिडकीवाली, पाणी कुठलं घालता? कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर आहे का?

खिडकीवाली :
थर आहे, खरवडला की पावडर निघते. पाणी आरओ फिल्टरमधून वाया म्हणून बाहेर पडणारं, बादलीत साठवते. वाया का घालवायचं? सोसायटीत बोअर आणि टँकर मिसळून येतं. फिल्टरवाल्याने मागे मोजलं तेव्हा येणारं पाणी ६४० टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये), गाळलेलं ६०.

पानसुपारी :
सापडलं. तीन लिटर पाण्यातलं एक लिटर गाळून येतं असं धरा. उरलेल्या दोन लिटरमध्ये बाकी सगळे क्षार, म्हणजे (६४० × ३ − ६०) ÷ २ = ९३०. शिवाय एका तांब्याने १० इंची कुंडीच्या तळातून थेंबही बाहेर पडत नाही, म्हणून क्षार आतच साठतात. पाण्याबरोबर ते पानाच्या टोकापर्यंत जातात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. म्हणून करपणं टोकापासून सुरू होतं. पाण्यात फ्लोराइड असेल तर स्पायडर प्लांट सगळ्यात आधी तक्रार करतो. एप्सम सॉल्ट हाही क्षारच, तो अजिबात नको.

हिरवा_कंदील :
काहीही. आमच्याकडे आरओचं बाहेर पडणारंच पाणी घालतो, मनी प्लांट दुसऱ्या मजल्यावर पोचलाय.

पानसुपारी :
तुमच्याकडे धरणाचं पाणी असणार. मूळ टीडीएस शंभर-दीडशे असेल तर बाहेर पडणारं पाणीही चालून जातं. आणि मनी प्लांट सोशिक असतो, अरेका नाही.

डोंबिवलीचा_माळी :
ह्युमिडिफायरमध्ये मात्र गाळलेलंच पाणी घाला.

मुळाक्षर :
अरेका, खर्च शून्य :
वरचा पांढरा थर अर्धा इंच मातीसकट काढून टाका. कुंडीखालची ताटली काढा. १० इंची कुंडी साधारण नऊ लिटरची, तिच्यातून तिप्पट, म्हणजे २७ लिटर पाणी हळूहळू जाऊ द्या. एवढं गोडं पाणी नसेल तर कुंडी गॅलरीच्या कडेला दोन-तीन दिवस धो धो पावसात ठेवा. ऊन पडलं तर आत घ्या, घरातली पानं भाजतात. महिनाभर खत नाही. करपलेली टोकं हिरवी होत नाहीत. कापायचीच असतील तर तपकिरी भागाची बारीक रेघ ठेवून कापा, हिरव्यात कात्री घातली की तिथून पुन्हा वाळतं. नवीन पान स्वच्छ आलं की जमलं समजा.

मनी प्लांट : बांबूची काडी चार इंच खुपसून बघा, ओली माती चिकटली तर पाणी नाही. कुंडीतून काढून मुळं बघा. काळी, मऊ, वास मारणारी कापा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४, गांडूळखत ३, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) ३ अशा मिश्रणात एक माप लहान कुंडीत लावा. हे सगळं ३०० च्या आत बसेल.

हिरवा_कंदील :
कोकोपीट धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं. आणि मुळांभोवती नर्सरीचा चिकणमातीचा गोळा असेल तर तो भिजवून सोडवा. तो तसाच राहिला तर बाहेरचं मिश्रण कोरडं आणि आतला गोळा ओला.

तुळशीवृंदा :
हे करून झालं की एकदा नीम तेल.

खिडकीवाली :
सगळ्यांचे आभार. गॅलरी नाहीये, २७ लिटर पाणी हॉलमध्ये ओतणं जमणार नाही. अरेका खाली सोसायटीच्या बागेत देऊन टाकते आणि त्या जागी स्नेक प्लांट आणते, नर्सरीत २५० ला आहे. आरओचं पाणी मनी प्लांटला चालतं म्हणालात, ते चालू ठेवते.

पानसुपारी :
चालतं म्हणालो ते धरणाच्या पाण्याचं! निदान निम्मं गाळलेलं मिसळा. अरेका झाडांच्या सावलीत लावायला सांगा, जमिनीत पावसाने क्षार आपोआप खाली जातील. आणि स्नेक प्लांटला रोजचा तांब्या नको. माती तळापर्यंत सुकल्यावरच पाणी, सध्याच्या हवेत तीन आठवडेसुद्धा लागतील.