मदत हवी आहे: बदकांना अँटिबायोटिक दिलंय, अंडी कधीपासून खायची?

आम्ही कुडाळजवळ राहतो. परसात सहा बदकं आहेत, त्यातल्या चार माद्या. रोज तीन-चार अंडी मिळतात. घरात खाणारे आम्ही तिघंच, त्यामुळे बरीचशी शेजारी जातात. त्यांच्याकडे तीन वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला बदकाच्याच अंड्याची पोळी लागते.

मध्यंतरी एक मादी लंगडायला लागली. तळपाय सुजलेला, मध्ये काळी खपली. दुकानात फोटो दाखवला तर एन्रोफ्लॉक्सासिनची बाटली मिळाली, पाण्यातून पाच दिवस द्या म्हणाले. तिला वेगळं ठेवून पाहिलं, पण एकटी पडली की दिवसभर ओरडते, दाण्याला तोंड लावत नाही. शेवटी सगळ्यांच्याच पाण्यात औषध घातलं. रविवारी शेवटचा डोस झाला, आज बुधवार.

अंड्यांचं काय, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. बाटलीवरचं लेबल भिजून निघालंय. सासूबाई म्हणतात उकडलं की सगळं जातं. काल पाच अंडी टाकायला निघाले तर समोरच्या काकूंनी हटकलं, "गो बाय, अंडी कित्याक टाकतंस?" काय उत्तर देणार! आणि खरं सांगायचं तर औषध चालू असताना चार अंडी शेजारी गेली आहेत. जीव टांगणीला लागलाय. कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

भाकरी_कोंबडा: सात दिवस थांबायचं आणि खायला लागायचं. आम्ही कोंबड्यांचं तसंच करतो, इतक्या वर्षांत कोणाला काही झालं नाही.

शेण_आणि_सुई: ताई, मी पशुवैद्यक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरचे सात दिवस हवेतून आलेले नाहीत. 2012 साली आपल्याकडे औषधांच्या लेबलाचा नियम बदलला. ज्या औषधासाठी ठरावीक दिवस तपासून निश्चित केलेले नाहीत, तिथे अंडी आणि दुधासाठी किमान 7 दिवस, कोंबडी-बकरीच्या मांसासाठी किमान 28 दिवस लिहायचे. यातला 'किमान' हा शब्द सगळे गिळतात. तुमच्या बदकांच्या अंड्यांत सात दिवसांनी औषध उरत नाही, असं कोणी मोजलंय असा त्याचा अर्थ नाही.

अडचण बलकाची आहे. मादीच्या पोटात लहान-मोठ्या बलकांची माळच असते. आज घातलेल्या अंड्याचा बलक गेले आठ-दहा दिवस थरावर थर चढत भरत होता. तुम्ही औषध पाजत होतात तेव्हा तो भरत होता. पांढरं मात्र शेवटच्या काही तासांत चढतं, म्हणून ते लवकर निवळतं आणि बलक मागे राहतो. उकडून हे औषध जात नाही. सासूबाईंचं म्हणणं जंतूंच्या बाबतीत खरं आहे, औषधाच्या बाबतीत नाही.

युरोपात याच औषधाच्या लेबलवर खायची अंडी देणाऱ्या पक्ष्यांना देऊ नका असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत 2005 मध्ये कोंबड्यांसाठी ते बंदच झालं. कारण विषबाधा नव्हे. माणसाला आजारी पाडणारे जंतू औषधाला दाद देईनासे होत होते. घरात लहान मूल खाणार असेल तर मी रविवारपासून चार आठवडे मोजेन. हा माझा हिशेब, कायद्याचा नाही.

चार अंडी गेली त्याची फार धास्ती घेऊ नका, तेवढ्याने मूल आजारी पडेल असं मला वाटत नाही. पण शेजाऱ्यांना सांगा, आणि औषधाचं नाव कागदावर लिहून द्या. अंगावर पुरळ वगैरे दिसलंच तर त्यांच्या डॉक्टरांना ते कळायला हवं.

परसबाग_कुडाळ (धागालेखिका): धन्यवाद डॉक्टर. एक शंका. बदकं पाण्यात चोच घालून अर्धं पाणी सांडतात, मग डोस नेमका किती गेला? आणि टाकायची अंडी परत बदकांनाच घातली तर?

शेण_आणि_सुई: किती गेला ते कोणीच सांगू शकणार नाही, पाण्यातून औषध देण्याची हीच गोम आहे. औषधाचं टब रविवारी पूर्ण उपसून घासलं होतंत ना? तळाचं पाणी राहिलं असेल तर तुमचा शेवटचा डोस रविवारचा नाही, ते घासलंत त्या दिवसाचा. अंडी बदकांना नको, कुत्र्यालाही नको, औषध पुन्हा फिरत राहील. खोल खड्डा करून पुरा, कावळे उकरणार नाहीत इतका खोल.

तुसाची_गोणी: अंगण चिऱ्याचं आहे का? आमच्याकडे तेच होतं. खरबरीत चिऱ्यावर तळपाय सोलतो, त्यात ओल, मग सूज. आम्ही रात्रीच्या जागेत भाताचं तूस जाड पसरलं आणि पाणी अंगणाच्या कडेला हलवलं, तेव्हापासून नवीन सूज नाही. पाय मात्र एकदा दाखवाच. खपलीखाली गाठ असेल तर नुसत्या औषधाने हटत नाही, साफ करावी लागते.

परसबाग_कुडाळ: अंगण चिऱ्याचंच! टबाबद्दल विचारलंत आणि बघते तर तळाशी चार बोटं पाणी तसंच. म्हणजे आजपासून मोजायचं. शेजारी जाऊन आले. वहिनी आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या बरं झालं सांगितलंस. कागद त्यांनी फ्रिजवर लावलाय. मुलगा दारात उभा राहून पोळी कुठे आहे विचारत होता, त्याला कोंबडीची अंडी नेऊन दिली तर म्हणाला ही लहान आहेत.

उद्या मादीला पशुवैद्यांकडे घेऊन जाते. अंड्यांवर आजपासून पेन्सिलीने तारीख टाकतेय.