मुलं इंग्रजी घडाघडा वाचतात पण कळत काहीच नाही, काय करू?

खडूफळा: दुसरी-तिसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवते, घरी कोणाच्याच इंग्रजी बोलत नाहीत. फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचणं, बऱ्यापैकी झालंय त्यामुळे परिच्छेद समोर ठेवला की धाडधाड वाचतात, पण "काय झालं गं यात?" विचारलं की सगळे गप्प. आणि गंमत म्हणजे खालच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर लिहितात! मग कळलंय म्हणायचं की नाही? अजून वर्कशीट देऊ का?

पानपलटी: वर्कशीट नकोच आत्ता. प्रश्नातला शब्द परिच्छेदात शोधायचा आणि ती ओळ उतरवायची, एवढंच चाललंय. हे बघा, 'द ग्लॉर्प झिब्ड इन द मब.' प्रश्न: व्हेअर डिड द ग्लॉर्प झिब? उत्तर 'इन द मब', पैकीच्या पैकी मार्क 😄 आणि ग्लॉर्प काय असतो ते मलाही माहीत नाही, आत्ताच बनवला.
गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं होतं की वाचून कळणं म्हणजे डीकोडिंग (अक्षरं जुळवून शब्द वाचता येणं) गुणिले भाषेची समज. बेरीज नाही हं, गुणाकार, एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. तर एक करा, पुस्तकं बंद करायला सांगून तोच परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा. ऐकून कळला तर मुलांचं सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात जातंय, आणि ऐकूनही नाही कळला तर वाचन कितीही घोटून घ्या, उपयोग नाही.

खडूफळा: आज केलं. ऐकूनही नाही कळलं, दोघी-तिघी सोडल्या तर.

पानपलटी: मग शब्द कमी पडतायत. मजकूर सोपा घ्या, अगदी बाळबोध वाटला तरी चालेल. हू आणि नेशन यांचा २००० सालचा अभ्यास आहे, मोठ्या विद्यार्थ्यांवरचा, पण त्यात मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं निघालं, म्हणजे शंभरात दोनच अडायला हवेत. तुमच्या परिच्छेदात किती अडतात ते मोजा एकदा. आणि अडणारे महत्त्वाचे शब्द वाचायच्या आधी सांगा, चित्र दाखवून नाहीतर करून दाखवून.

रेघोट्या: शब्द आले तरी पुढे 'इट' आणि 'शी' वर गाडी अडते बरं का. 'द डॉग चेज्ड द कॅट. इट रॅन अप द ट्री.' झाडावर कोण चढलं? बरीच मुलं कुत्रा म्हणतात, कारण तो वाक्यात आधी आलाय. मी पेन्सिलने 'इट'पासून बाण काढायला लावते आणि लगेच विचारते, कशावरून? मांजर झाडावर चढतं हे परिच्छेदात कुठेच लिहिलेलं नाही, ते मुलांनी स्वतःच्या डोक्यातून आणायचंय, आणि खरं शिकवायचं ते हेच.

सरळरेषा: पण हे "कशावरून" मराठीत विचारायचं का? इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच हवं ना, नाहीतर सवय कशी लागणार

रेघोट्या: बोलायचा सराव असेल तेव्हा हवंच. पण इथे कळलं का ते बघायचंय, आणि मनात असलेलं इंग्रजीत सांगता येत नाही म्हणून मूल गप्प बसलं तर तुम्हाला काय कळणार? मराठीत सांगू दे, मग त्यातलं एखादं वाक्य मिळून इंग्रजीत करा. अगदीच बोलत नसेल तर चित्र काढायला द्या, झाडावर कुत्रा निघाला की लगेच समजतं कुठे अडलंय.