चाळिशी-पन्नाशीतलं प्रेम, पोरं आणि आपण : कोल्हापूरकरांनो, लिहा

नमस्कार मंडळी. चाळिशी ओलांडली की घरातली सगळीच नाती एकदम बदलायला लागतात असं मला हल्ली फार वाटतंय. पोरं आपापल्या खोलीत, सासू-सासरे थकलेले, नवरा-बायको पुन्हा दोघंच समोरासमोर, आणि आरशातली बाई तर ओळखीचीच वाटत नाही. यावर आपण बोलतच नाही कुठं. म्हणून मी सुरू करते, तुम्ही पुढं लिहा. नाव नको असेल तर नुसती पेठ लिहा.

माझं वय 47. पाळीचा काही नेमच राहिला नव्हता, मध्यरात्री घामानं गाऊन भिजायचा, छातीत धडधड, दिवसा कारण नसताना रडू. मला वाटायचं हार्टचंच काहीतरी आहे. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं, की सलग 12 महिने पाळी आली नाही तर ती रजोनिवृत्ती, त्याच्या आधीची काही वर्षं अशीच वरखाली जातात, आपल्याकडच्या बायकांची सरासरी 46-47 ची आहे, थायरॉइड मात्र तपासून घ्या. थायरॉइड नॉर्मल आलं. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, इतक्या वर्षांच्या संसारात पाळीबद्दल एवढं मोकळं आम्ही पहिल्यांदाच बोललो. हे फार बोलणारे नव्हेत. पण त्या रात्री, डिसेंबरच्या थंडीत, ह्यांनी पंखा पाचवर केला, स्वतः स्वेटर घालून वर माझी जुनी शाल आणि कानाला मफलर गुंडाळून झोपले, आणि सकाळी त्याचा एक शब्द काढला नाही. मला ह्याहून जास्त काही नको.

मंगळवार पेठ

ताई, बरं झालं विषय काढलासा. मी पेठेकडून फुटबॉल खेळलेला माणूस, आता गुडघ्याची गादी झिजलीय, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पोरगं अकरावी सायन्सला. दार लावून बसणार, जेवलास काय म्हटलं की नुसतं हं. समोर बसवून बोलायला गेलो की आणखीनच गप्प. मग सीझन सुरू झाला, त्याला घेऊन शाहू स्टेडियमला गेलो, पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या दोन संघांची मॅच होती, गर्दी तुम्हाला माहितीच आहे. दोघं गॅलरीत खांद्याला खांदा लावून बसलो, नजर मैदानावर, मधे शेंगदाण्याची पुडी. हाफटाइमच्या आधी त्यानं आपणहून सांगितलं, की पप्पा सायन्स झेपत नाही, रात्रभर झोप लागत नाही, मला कॉमर्स घ्यायचंय. मी बॉलकडंच बघत बरं म्हणलो. तेवढ्यावर तो पुढं बोलतच गेला. समोर बसवलं की पोरांना ती चौकशी वाटते, हे मला तिथं कळलं. आता तो कॉमर्सला आहे, आणि मॅच असली की मला तोच गाडीवर मागं बसवून नेतो. कॉर्नर मिळाला की माझा पाय अजून आपोआप हलतो. पळता येत नाही याचं दुःख होतं पूर्वी, आता तेवढं होत नाही.

राजारामपुरी

मला मूल नाही, तरी लिहिते. औषधं झाली, आयव्हीएफ झालं, नवस झाले, चाळिशी गेली. पूर्वी कुणी किती मुलं विचारलं की मी कारणं सांगत बसायची. आता नाहीत म्हणते आणि पुढं काही जोडत नाही. दरवर्षी अंबाबाईची ओटी भरताना एकच मागणं असायचं, यंदा ओटी भरली आणि काहीच मागितलं नाही. फार हलकं वाटलं.

सुतारवाडा

वय 51. नवरा गेला तेव्हा मुलगी सातवीत होती, आता ती पुण्याला नोकरी करते. मागच्या वर्षी मी पुन्हा लग्न केलं. हे माझ्या ऑफिसातले, यांची बायको कॅन्सरनं गेलेली. 2019 च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मुलीच्या सर्टिफिकेटांची फाईल डोक्यावर धरून हेच कमरेएवढ्या पाण्यातनं बाहेर आले होते. ओळख तेव्हाची, हो म्हणायला मला कितीतरी वर्षं लागली. नातेवाईक म्हणाले, या वयात कशाला, आता जावई बघायचं वय. मला राग याचा यायचा, की ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा आणि 1919 ला आंतरजातीय लग्नाचा कायदा केला, त्याच गावात दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घालणारी माणसं मला हे ऐकवत होती. आमची जातही वेगळी. म्हणून रजिस्टर लग्नच केलं, 30 दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार. तिसरी सही मुलीची. सही करता करता ती थांबली, आई, आधारवरचं नाव बदलणार काय गं, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. मग ठीक, म्हणाली आणि सही केली. तिच्या बाबांचं नाव माझ्या नावापुढं अजून तसंच आहे, आणि ह्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

गंगावेस

सुतारवाडा ताई, माझीही परिस्थिती तुमच्यासारखीच आहे. मुलगा नववीत. त्याला कसं सांगू कळत नाही. तुम्ही कसं सांगितलंत?

सुतारवाडा

एकदम नाही सांगितलं. आधी हे सणावाराला जेवायला येऊ लागले. मग एकदा मुलीला सरळ सांगितलं, की बाबांचा फोटो भिंतीवरून हलणार नाही, तुला राग आला तर तोही मला मान्य आहे, पण निर्णय माझा असेल. ती बरेच दिवस बोलली नाही. नंतर तिचाच फोन आला, त्यांना पांढरा रस्सा कसा लागतो, तिखट काय बेताचा, मी आल्यावर करते. पण तुमचा मुलगा लहान आहे, त्याला जास्त वेळ द्या. परीक्षा होऊ दे, आणि गल्लीतल्या कुणाकडून कळायच्या आधी तुम्हीच सांगा. लागलं तर मला विचारा, मी इथंच आहे.