मदत हवी आहे: क्विक ॲक्शनमधून कॉपी केलेल्या मराठीची चिन्हं होतात (मॅक, ऑटोमेटर)

नमस्कार मंडळी,

बाबांचे जुन्या दिवाळी अंकांतले लेख स्कॅन करून मजकुरात आणतेय. ते ७९ वर्षांचे आहेत, बारीक छपाई आता वाचवत नाही. मोठ्या टायपात छापून त्यांच्या हातात द्यायचेत. टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारा प्रोग्राम) मराठी बऱ्यापैकी ओळखतो, पण दर पानाला टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून कमांड द्यायची म्हणजे जीव जातो. म्हणून ऑटोमेटरमध्ये (मॅकवर ठरावीक कामं आपोआप करवणारं ॲप) क्विक ॲक्शन, म्हणजे राइट क्लिकने चालणारी कृती, केली: फाइंडरमध्ये चित्रावर राइट क्लिक, मग रन शेल स्क्रिप्ट, इनपुट 'ॲज आर्ग्युमेंट्स'. फॉर लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेरीत) प्रत्येक फाइल टेसरॅक्टला द्यायची आणि निघालेला मजकूर पीबीकॉपीकडे, म्हणजे तो क्लिपबोर्डवर ठेवणाऱ्या कमांडकडे.

आधी 'कमांड नॉट फाउंड' आलं. टेसरॅक्ट होमब्रूने (प्रोग्राम बसवायचं साधन) जिथे बसवलाय तो पूर्ण पाथ, म्हणजे पत्ता, दिला, ते मिटलं. आता पेस्ट केलं की मराठीऐवजी ‡§ ‡§ अशी रांग येते, मध्येच ‡•. तीच कमांड टर्मिनलमध्ये दिली तर मजकूर स्वच्छ. शिवाय पाच पानं एकदम निवडली तर फक्त शेवटचं पान पेस्ट होतं. दोन संध्याकाळी यातच गेल्या. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
ताई, पीबीकॉपी काढून मजकूर थेट टेक्स्ट फाइलमध्ये लिहून बघा. तिथे नीट आला तर टेसरॅक्ट निर्दोष.

धागाकर्ती
केलं. फाइलमध्ये अक्षर न् अक्षर बरोबर आहे. म्हणजे घोळ पीबीकॉपीतच.

प्रतिसाद २
हो, तिथेच. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायची आजची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) तीन बाइटचं असतं आणि पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेले. ते जुन्या मॅक रोमन पद्धतीने वाचले की ‡ आणि § दिसतात. तुमची रांग तीच आहे. ‡• येतं ते दुसरा बाइट बदलतो तिथे: मोठी वेलांटी, मात्रा, हलन्त वगैरे.

पीबीकॉपी एन्कोडिंग ठरवताना लँग (LANG, भाषेचं सेटिंग) हे व्हेरिएबल बघतं. टर्मिनल उघडताना ते स्वतःच भरतं. ऑटोमेटर भरत नाही, तुमची झेडएसएचआरसी फाइलही (.zshrc, टर्मिनलची सेटिंग्ज असलेली) वाचत नाही. पाथची अडचण त्यामुळेच आली होती. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत लँग एक्सपोर्ट करा, किंमत ईएन_यूएस.यूटीएफ-८. त्यात इंग्रजी दिसलं तरी बिघडत नाही, कामाचं आहे ते यूटीएफ-८.

पानांचं म्हणाल तर पीबीकॉपी लूपच्या आत असल्यामुळे दर फेरीला क्लिपबोर्ड पुसला जातो. ते लूप संपवणाऱ्या 'डन'च्या पुढे पाइप (| हे चिन्ह) लावून एकदाच चालवा. आणि फाइलच्या नावात जागा असेल तर व्हेरिएबलला दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर पुढचं रडगाणं तिथून सुरू होईल.

धागाकर्ती
झालं! पाचही पानं एका क्लिकमध्ये, सगळं मराठीत. पहिला लेख २४ च्या टायपात छापून दिला. बाबांनी चष्मा न लावता पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला आणि लगेच मुद्रितशोधनाला बसले. टेसरॅक्टने चुकवलेले दोन अनुस्वार त्यांना सापडलेसुद्धा. दोघांचेही मनापासून आभार.